लॅबमधलं केमिकल वेस्ट नीट कसं साठवायचं: नवीन जॉइन झालेल्यांसाठी

जून-जुलैत मुंबईतल्या लॅबमध्ये नवीन मुलं येतात, कोणी एमएससीच्या प्रोजेक्टला, कोणी पीएचडीला, कोणी अंधेरी नाहीतर कांदिवलीच्या फार्मा कंपनीत क्यूसीला म्हणजे क्वालिटी कंट्रोलला, आणि रिअ‍ॅक्शन कशी लावायची, मिश्रण वेगळं करायचा कॉलम कसा भरायचा, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) कसं चालवायचं हे सगळं त्यांना कोणी ना कोणी शिकवतं, पण काम झाल्यावर जे उरतं ते कुठे ओतायचं हे मात्र "तिकडे कोपऱ्यात कॅन आहे बघ" एवढ्यावर संपतं. बरीच वर्षं लॅबचं स्टोअर आणि वेस्ट बघतेय म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, एकदा शांतपणे वाचा आणि मग आपल्या लॅबच्या इनचार्जशी बोला, कारण प्रत्येक लॅबचे स्वतःचे नियम असतात आणि ते इथल्यापेक्षा कडक असतील तर तेच पाळायचे.

एक गोष्ट आधी सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वेस्टची बाटली तुमच्या हातातून सुटली की ती अशा माणसांच्या हातात जाते ज्यांना तुम्ही आत काय ओतलंत ते अजिबात माहीत नसतं. सकाळी ओटा पुसणाऱ्या मावशी, बाटल्या ट्रॉलीवर चढवणारे अटेंडंट मामा, गाडीवरचा हेल्पर, तळोज्याच्या कचरा प्रक्रिया प्लांटवर ड्रम उघडणारा कामगार. तुम्ही केमिस्ट्री शिकलात, त्यांना ती शिकायची संधी मिळालेली नाही, म्हणून बाटली अशी ठेवायची की काहीही न विचारता ती त्यांना सुरक्षितपणे उचलता आली पाहिजे.

काम सुरू करायच्या आधी

वेस्टचा विचार एक्सपेरिमेंट संपल्यावर करायचा नसतो. वहीत प्रोसिजर लिहिताना शेवटची ओळ "यातून काय काय उरणार आणि ते कुठे जाणार" ही असली पाहिजे. माहीत नसेल तर त्या केमिकलची एसडीएस म्हणजे सेफ्टी डेटा शीट काढा, सगळी सोळा सेक्शन वाचायला वेळ नसेल तर निदान सात, दहा आणि तेरा वाचा: सातमध्ये हाताळणी आणि साठवण, दहामध्ये हे कशाबरोबर रिअ‍ॅक्ट होतं ते, आणि तेरामध्ये विल्हेवाट. दहावं सेक्शन लोक सोडून देतात आणि वेस्टच्या बाबतीत तेच सगळ्यात कामाचं आहे.

आणि कमी घ्या. १० मिली पुरत असेल तर ५० मिली बीकरमध्ये काढू नका, उरलेलं परत मूळ बाटलीत ओतता येत नाही, म्हणजे ते सरळ वेस्टच होतं.

बाटली कोणती घ्यायची

लॅबमध्ये साधारण दोन प्रकार हाताशी असतात, सॉल्व्हंट येतात त्या अडीच लिटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्या आणि पांढऱ्या किंवा निळ्या एचडीपीईच्या म्हणजे जाड प्लास्टिकच्या कॅन. अ‍ॅसिटोन, मेथनॉल, इथेनॉल असल्या साध्या सॉल्व्हंटला एचडीपीई चालते. डीसीएम (डायक्लोरोमिथेन), क्लोरोफॉर्म, टोल्युइन यांना मात्र काच बरी, कारण ही सॉल्व्हंट प्लास्टिकमध्ये हळूहळू मुरतात, कॅन फुगते, मऊ पडते, आणि झाकण घट्ट असूनही वास येत राहतो. हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड काच खातं, ते कायम प्लास्टिकमध्येच, आणि ज्या लॅबमध्ये एचएफ वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल (एचएफ अंगाला लागलं तर लावायचं) हाताशी नसेल तर काम सुरूच करू नका. स्ट्राँग अल्कलीसुद्धा काचेत ठेवू नका, काच झिजते आणि काचेचं बूच तर असं बसतं की नंतर फोडल्याशिवाय निघत नाही. पत्र्याच्या डब्यात अ‍ॅसिड नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात डीसीएम-क्लोरोफॉर्म नाही.

प्यायच्या पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची रिकामी बाटली कधीच नाही, अगदी पाच मिनिटांपुरतीसुद्धा नाही आणि वर मोठ्या अक्षरात काही लिहिलं तरीही नाही. मुंबईत एप्रिल-मेमध्ये घामाघूम होऊन आत आलेला माणूस टेबलावरची पाण्याची बाटली बघतो, लेबल बघत नाही.

बाटली आधी कशाची होती तेही बघा. नायट्रिक अ‍ॅसिडची रिकामी बाटली न धुता तिच्यात अ‍ॅसिटोनचं वेस्ट ओतणं म्हणजे अपघात घडवून आणणं आहे, का ते पुढे सांगते.

कशात काय ओतायचं

सॉल्व्हंटसाठी कमीत कमी दोन कॅन लागतात, एक हॅलोजन असलेल्यांची म्हणजे डीसीएम, क्लोरोफॉर्म, एनएमआर तपासणीच्या ट्यूबमधलं डॉयटेरेटेड क्लोरोफॉर्म, आणि दुसरी बाकीच्यांची म्हणजे अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट, हेक्झेन, मेथनॉल, टोल्युइन वगैरे. हे वेगळं का, तर हे वेस्ट शेवटी इन्सिनरेटरमध्ये जळतं आणि क्लोरीनवालं सॉल्व्हंट जळलं की हायड्रोजन क्लोराइड तयार होतो, तो धुवून काढावा लागतो, तापमान चुकलं तर डायॉक्सिनसारखी भयंकर विषारी संयुगंही तयार होऊ शकतात, म्हणून त्याची प्रक्रिया वेगळी आणि खर्चही जास्त. वीस लिटरच्या साध्या कॅनमध्ये कोणी कॉलममधलं थोडंसं डीसीएम ओतलं की ती पूर्ण कॅन हॅलोजनवाली धरावी लागते. एचपीएलसीचं अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी खूप निघतं, त्याची वेगळी बाटली ठेवलेली सोयीची.

मग पाण्यातलं वेस्ट. अ‍ॅसिड वेगळं, अल्कली वेगळी, हेवी मेटलवालं म्हणजे क्रोमियम, शिसं, पारा, कॅडमियम, चांदी हे वेगळं. ऑक्सिडायझर म्हणजे परमँगनेट, डायक्रोमेट, पेरॉक्साइड, नायट्रिक अ‍ॅसिड यांना स्वतःची बाटली, आणि ती सॉल्व्हंटच्या कपाटापासून लांब. सायनाइड, सल्फाइड आणि अझाइड यांची प्रत्येकाची स्वतंत्र बाटली, कायम अल्कलाइन.

सिंकचं सगळ्यात जास्त विचारतात. हेवी मेटल नसलेलं डायल्यूट अ‍ॅसिड किंवा अल्कली हूडमध्ये म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात हळूहळू न्यूट्रल करून, पीएच तपासून, इनचार्जनी परवानगी दिली असेल तरच भरपूर पाण्याबरोबर सोडता येतं, आपल्याकडे सांडपाण्याच्या पीएचची सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९ आहे. बाकी काहीही नाही. सिंकचा पाइप पुढे बिल्डिंगच्या लाइनला आणि मग रस्त्याखालच्या गटाराला मिळतो, त्या मॅनहोलमध्ये अजूनही माणसं उतरतात हो, आणि तिथे तुमच्या अ‍ॅसिडची कोणाच्या तरी सल्फाइडशी गाठ पडली तर हायड्रोजन सल्फाइड होतो ज्याने माणूस काही श्वासांत कोसळतो. सोडियम अझाइडचं अजून एक आहे, बायोलॉजीवाले बफरमध्ये प्रिझर्वेटिव्ह म्हणून टाकतात आणि थोडंसंच तर आहे म्हणून सिंकमध्ये ओतत राहतात, जुन्या इमारतीत शिशाचे किंवा तांब्याचे पाइप असले की तिथे धातूचं अझाइड साठत जातं, ते धक्क्याने फुटतं, आणि फुटतं तेव्हा समोर पाइप खोलणारा प्लंबर असतो.

हे एकत्र येऊच द्यायचं नाही

हा भाग दोनदा वाचा.

नायट्रिक अ‍ॅसिड आणि कुठलंही ऑरगॅनिक सॉल्व्हंट, विशेषतः अ‍ॅसिटोन, इथेनॉल, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. फसवं आहे हे, ओतल्या ओतल्या काहीच होत नाही, तुम्ही झाकण लावता, घरी जाता, आणि काही मिनिटांनी किंवा काही तासांनी मिश्रण तापायला लागतं, गॅस भराभर वाढतो आणि बाटली फुटते. वेस्टच्या बाटल्या फुटण्याची जगभरातली जी नेहमीची कारणं आहेत त्यात हे अगदी वरचं आहे.

ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. बायोवाल्यांनी आणि टॉयलेट धुणाऱ्यांनीसुद्धा हे लक्षात ठेवायचं. सायनाइडमध्ये अ‍ॅसिड गेलं तर हायड्रोजन सायनाइड. अझाइडमध्ये अ‍ॅसिड गेलं तर हायड्रॅझोइक अ‍ॅसिड, विषारीही आणि स्फोटकही, आणि अझाइड डीसीएमबरोबर राहिलं तर डायअझिडोमिथेन बनतं तेही स्फोटक, त्यामुळे अझाइडच्या रिअ‍ॅक्शनचं वर्कअप (रिअ‍ॅक्शननंतर पदार्थ धुवून वेगळा काढणं) डीसीएमने करू नका आणि ते वेस्ट हॅलोजनच्या कॅनमध्ये चुकूनही नको.

क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन नुसते एकत्र आले तर विशेष काही होत नाही पण त्यात थोडी जरी अल्कली गेली तरी मिश्रण जोरात तापतं. ग्लासवेअर धुवायच्या केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या बाथचं उरलेलं सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये ओतणारे लोक आहेत, म्हणून सांगतेय.

पिरान्हा सोल्यूशन म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हे साठवायचंच नाही. लागेल तेवढंच करायचं, हूडमध्ये उघड्या बीकरमध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं, बुडबुडे थांबू द्यायचे, आणि घट्ट झाकण कधीच लावायचं नाही. अ‍ॅसिटोनची पिचकारी त्याच्या जवळपाससुद्धा नको.

बीएससीच्या प्रॅक्टिकलमधली टॉलेन्स टेस्ट सगळ्यांनी केलीय, टेस्ट ट्यूबमध्ये चांदीचा आरसा येतो म्हणून मुलांना आवडते. ते उरलेलं अमोनियावालं सिल्व्हर नायट्रेट तसंच ठेवलं, सुकलं, की त्यातून सिल्व्हर नायट्राइड होतं जे नुसत्या हलवण्यानेही फुटू शकतं. टेस्ट झाली की लगेच, त्याच तासाला, डायल्यूट नायट्रिक अ‍ॅसिडने अ‍ॅसिडिक करा आणि मग चांदीच्या वेस्टमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी बघू हे इथे चालत नाही, आणि रिएजंट बनवून पुढच्या बॅचसाठी ठेवणं तर नकोच.

ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान). डायइथाइल ईथर, आयसोप्रोपिल ईथर, टीएचएफ, डायॉक्सेन हवेशी आणि उजेडाशी संपर्कात राहिले की पेरॉक्साइड बनवतात. बाटली उघडलेल्या दिवसाची तारीख बाटलीवर लिहा. जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती किंवा तळाशी पांढरे खडे दिसले तर झाकणाला हात लावू नका, बाटली हलवू नका, बाकीच्यांना बाजूला करा आणि इनचार्जला बोलवा.

सोडियमचे तुकडे, सोडियम हायड्राइड, एलएएच (लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड), थायोनिल क्लोराइड असल्या पाण्याशी भांडणाऱ्या गोष्टी आधी सिनिअरच्या देखरेखीखाली मारून म्हणजे निष्क्रिय करून मगच वेस्टमध्ये. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रताच ९० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे यांचं झाकण सैल ठेवून जेवायला जाणंसुद्धा महाग पडतं.

भरताना आणि झाकताना

ओतायच्या आधी कॅनचं लेबल आणि वरची यादी वाचायची, मग हूडमध्ये गॉगल आणि ग्लोव्हज घालून फनेलने ओतायचं. शंका असेल तर दोन्हींचे थोडे थेंब हूडमध्ये उघड्या बीकरमध्ये एकत्र करून बघा, तापतंय का, बुडबुडे येतायत का, रंग बदलतोय का. तरीही नायट्रिकसारख्या उशिरा जागं होणाऱ्या जोड्या यात पकडल्या जात नाहीत, म्हणून माहिती नसेल तर सरळ नवी बाटली घ्या.

गळ्यापर्यंत भरू नका, निदान १० टक्के जागा मोकळी सोडा. हे आपल्याकडे जास्त लागू आहे कारण ईथर ३४.६ अंशाला उकळतं आणि मार्च ते मे मुंबईत एसी बंद असलेल्या खोलीत तेवढं तापमान दुपारी सहज होतं, डीसीएमचा उत्कलनबिंदू ४० अंश, तोही काही फार लांब नाही. शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद करून गेलात आणि वर पत्र्याचं छत असेल तर सोमवारपर्यंत आतला दाब वाढलेला असतो.

झाकण ओतायच्या वेळेपुरतंच उघडायचं, फनेल लावून ठेवून जायचं नाही. एचपीएलसीच्या बाटलीच्या तोंडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळतात ती पद्धत बंद करा, ट्यूब जाण्यापुरतं भोक आणि फिल्टर असलेलं झाकण मिळतं ते मागवा. जिथे गॅस तयार होतो, म्हणजे पेरॉक्साइड, नायट्रिक, फॉर्मिक अ‍ॅसिड, बायकार्बोनेटने नुकतंच न्यूट्रल केलेलं काहीही, तिथे घट्ट बुचाची बाटली सोड्याच्या बाटलीसारखी भरत जाते, त्यांना व्हेंट असलेलं झाकणच हवं.

आणि वेस्ट कमी करायचं म्हणून सॉल्व्हंट हूडमध्ये उघडं ठेवून उडवायचं नाही. ते नाहीसं होत नाही, डक्टमधून शेजारच्या चाळीच्या खिडकीत जातं.

लेबल

बाटलीत पहिला थेंब पडायच्या आधी लेबल लागलं पाहिजे. त्यावर "वेस्ट" हा शब्द, आत असलेल्या प्रत्येक केमिकलचं पूर्ण नाव, अंदाजे टक्केवारी, धोका काय म्हणजे ज्वलनशील, विषारी, जळवणारं, सुरू केल्याची तारीख, तुमचं नाव आणि लॅब नंबर. "ऑरगॅनिक वेस्ट", "प्रोजेक्ट २", "राहुलचं" असली लेबलं म्हणजे लेबल नाहीच. शॉर्टफॉर्म आणि स्ट्रक्चर काढू नका, तुमच्या ग्रुपबाहेरच्या माणसाला ते वाचता येत नाही.

पावसाळ्यात बॉलपेनची शाई दमटपणाने फुटते आणि परमनंट मार्करवर अ‍ॅसिटोनचा एक ओघळ आला की सगळं पुसून जातं. पेन्सिलने लिहिलेलं सॉल्व्हंटने जात नाही, तर लेबल पेन्सिलने लिहा आणि वरून रुंद पारदर्शक टेप लावा. बाटलीवर आधीचं कंपनीचं लेबल असेल तर ते पूर्ण काढा किंवा काळं करा, दोन लेबलं असलेली बाटली सगळ्यात धोक्याची कारण प्रत्येक जण आपल्याला हवं ते वाचतो.

शिवाय नियमाप्रमाणे, म्हणजे हॅझार्डस वेस्टचे २०१६ चे नियम, साठवणीच्या कंटेनरवर फॉर्म आठचं लेबल लागतं, चमकत्या पिवळ्या रंगाचं, पाण्याने न जाणारं, "घातक कचरा" आणि "काळजीपूर्वक हाताळा" हे लाल अक्षरात, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. तर आपल्याकडे मराठी हवंच. बऱ्याच ठिकाणी फक्त इंग्रजी लेबल असतं आणि कॅन उचलणाऱ्या मामांना ते वाचता येत नाही, हे आधी दुरुस्त करून घ्या, एका प्रिंटआउटचं काम आहे.

ठेवायचं कुठे

प्रत्येक बाटलीखाली प्लास्टिकचा ट्रे, ट्रेमध्ये सगळ्यात मोठ्या बाटलीतलं सगळं सांडलं तरी मावलं पाहिजे आणि वर थोडी जागा राहिली पाहिजे. अ‍ॅसिडचा ट्रे आणि सॉल्व्हंटचा ट्रे वेगळा. एकाच कपाटात वरच्या फळीवर अ‍ॅसिड आणि खाली सॉल्व्हंट असं नको, गळलं तर खालीच येणार. जड कॅन कमरेच्या खालीच, पण जमिनीवर नाही.

जमिनीवर का नाही, तर ही मुंबई आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, पण तेवढा लागतही नाही, हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे या बाजूला भरतीच्या वेळी जोरदार सर आली तरी तळमजल्यात पाणी शिरतं. कॅन तरंगतात, आडव्या होतात, आणि मग ते पाणी गुडघाभर चालणाऱ्या सगळ्यांच्या पायाला लागतं. लॅब तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये असेल तर मे महिन्यातच वेस्ट उचलायला सांगा, आणि उरलेलं मागच्या वेळी पाणी जिथवर आलं होतं त्या खुणेच्या वर ठेवा.

खिडकीच्या उन्हात नाही, जिन्याखाली नाही, बाहेर पडायच्या वाटेवर नाही. इथे जागेची मारामारी आहे हे खरं आहे, पण पॅसेजमध्ये ठेवलेले सॉल्व्हंटचे कॅन आग लागली तर सगळ्यांचा रस्ता अडवतात. साध्या घरगुती फ्रीजमध्येही नाही, थर्मोस्टॅटची ठिणगी ईथरच्या वाफेला पुरते. लोखंडी कपाट समुद्राच्या हवेने आणि एचसीएलच्या वाफेने गंजतं, फळ्या दर महिन्याला हाताने दाबून बघा.

घन कचरा

कॉलममधून काढलेली सिलिका, टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेट, सॉल्व्हंटने भिजलेले टिश्यू आणि ग्लोव्हज झाकणाच्या डब्यात, ओल्या कचऱ्याच्या बादलीत नाही. सुया आणि फुटलेले पिपेट जाड भिंतीच्या डब्यात, पिशवीत कधीच नाही, पिशवी हाताने उचलणारी व्यक्ती तुम्ही नसता. पॅलेडियम-कार्बन आणि रेनी निकेल गाळल्यावर फिल्टर पेपर सुकू द्यायचा नाही, सुकला की आपोआप पेटतो, पाण्याखाली ठेवून वेगळी बाटली करा. थर्मामीटर फुटला तर पारा झाडूने झाडू नका, कागदाच्या कडेने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत, आणि फटीत गेला असेल तिथे गंधकाची पूड.

रक्त, कल्चर असलं काही असेल तर ते बायोमेडिकल वेस्ट, त्याचे नियम आणि गाडी वेगळी.

सांडलं तर

थोडं असेल आणि काय आहे ते माहीत असेल तर वाळू किंवा वर्मिक्युलाइट टाकून टिपा आणि ते घन वेस्टमध्ये टाका. जास्त असेल, वास येत असेल किंवा काय आहे तेच माहीत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, इनचार्ज आणि गरज पडली तर अग्निशमन दल १०१. डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर सलग १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली, आणि हॉस्पिटलला जाताना एसडीएसची प्रिंट बरोबर.

रिकाम्या बाटल्या आणि भंगार

रिकामी बाटली आणि ड्रम मुंबईत वाया जात नाहीत. भंगारवाला नेतो, पुढे कुर्ल्याला नाहीतर धारावीच्या तेरा कंपाउंडला जातं, तिथे प्लास्टिक हाताने वेगळं करतात, आणि चांगल्या दिसणाऱ्या निळ्या ड्रममध्ये कुठल्यातरी वस्तीत प्यायचं पाणी भरलं जातं. म्हणून वेस्टचे आणि विषारी केमिकलचे कंटेनर भंगारात द्यायचेच नाहीत, ते वेस्टबरोबरच अधिकृत प्लांटला जातात. साध्या सॉल्व्हंटच्या बाटल्या तीनदा धुवून, पहिलं धुवण वेस्टच्या कॅनमध्ये टाकून, लेबल काढून, हूडमध्ये सुकवून मग इनचार्जला विचारून द्यायच्या. ड्रमला भोक पाडून मगच बाहेर काढा, म्हणजे पाण्यासाठी वापरता येणार नाही, पण सॉल्व्हंटचा ड्रम आधी धुवून पूर्ण हवेशीर केल्याशिवाय त्याला ड्रिल किंवा छिन्नी लावू नका.

आणि एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात सॅम्पल किंवा वेस्ट सॅकमध्ये टाकून लोकलने न्यायचं नाही. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, आणि संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये बाटली फुटली तर कोणाला हलायलासुद्धा जागा नसते.

गाडी येते तेव्हा

नियमाप्रमाणे घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, वर्षाला दहा टनांपर्यंतच कचरा होणाऱ्या लहान ठिकाणांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. म्हणून लेबलवर सुरुवातीची तारीख हवी, आणि कॅन अर्धीच भरली असली तरी मुदत आली की ती जाते. रोजची नोंद फॉर्म तीनमध्ये, ती इनचार्ज ठेवतात पण आकडे तुमच्याकडून येतात, त्यामुळे कॅनबरोबर लटकवलेल्या कागदावर किती मिली काय ओतलं ते तेव्हाच्या तेव्हा लिहा.

मुंबईतलं बरंचसं असं वेस्ट तळोजा एमआयडीसीतल्या कॉमन प्लांटला जातं. गाडी अधिकृत आहे का बघा, फॉर्म दहा म्हणजे मॅनिफेस्टवर (कचऱ्याबरोबर जाणारा कागद) ट्रान्सपोर्टरची सही घ्या, पिवळी प्रत आपल्याकडे राहते ती फाइलला लावा. काय आहे हे कोणालाच माहीत नसलेली बाटली गाडीवाले घेत नाहीत, ती तपासून घ्यायला पैसे लागतात आणि तोवर कपाटात पडून राहते. लॅब सोडताना, थिसिस सबमिट केल्यावर किंवा नोकरी बदलताना आपल्या नावाची प्रत्येक बाटली काढा, फ्रीजमधल्या छोट्या व्हायलसुद्धा, यादी करा, ज्याच्या ताब्यात देताय त्याच्यासमोर एकेक दाखवा आणि लेबलवर त्याचं नाव घाला, मगच नो ड्यूजवर सही मागायला जा.